करार रिन्यू करायचा म्हणजे आधीचा संपला का?

प्रश्न : ताई, आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रभुभोजनाआधी (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतो ते) दर वेळी म्हणतात, आज आपण देवाशी असलेला करार नव्याने करतोय. म्हणजे आधीचा संपला का? मागच्या वेळी भावाशी भांडून आले होते, विश्वासही डळमळीत, म्हणून मी भाकरीचं ताट तसंच पुढे दिलं. चुकलं का माझं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संपला नाही हो. करार म्हटलं की आपल्याला अकरा महिन्यांचा भाडेकरारच आठवतो, मुदत संपली की रिन्यू करा नाहीतर खोली सोडा, आणि सगळा घोळ तिथूनच होतो.

बायबलमधल्या निर्गमचा २४ वा अध्याय काढा. देवाशी करार होताना इस्राएलचा पुढारी मोशे रक्त शिंपडतो, लोक म्हणतात परमेश्वर सांगेल ते सगळं करू, मग वडीलजन डोंगरावर जाऊन देवासमोर खातात-पितात. आणि ३२ व्या अध्यायात हेच लोक सोन्याच्या वासराच्या मूर्तीपुढे! त्यांच्या शब्दावर असता तर करार तिथेच मोडला असता ना, म्हणून येशू प्याला देताना माझ्या रक्तातला नवा करार म्हणतो, तुमच्या शपथेतला नाही.

वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, म्हणजे १६४० च्या दशकात, प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी संस्कारांना (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) कृपेच्या कराराची, म्हणजे देवाने आपणहून दिलेल्या वचनाची, चिन्हं आणि शिक्के म्हटलंय. शिक्क्याने कागदावरचा मजकूर बदलत नाही, तो पक्का आहे एवढं दिसतं. देव तो शिक्का परत आपल्या हातावर ठेवतो, अगदी चावता येईल असा, आणि आपण हो म्हणतो, ते हो म्हणणं म्हणजे आपलं नवं करणं.

स्कॉटलंडमध्ये पूर्वी हे फार मनावर घ्यायचे. गुरुवारी उपास, शनिवारी तयारी, रविवारी प्रभुभोजन, सोमवारी उपकारस्तुती, आणि मंडळीचे वडीलजन लोकांना आधी तपासून शिशाचं छोटं टोकन द्यायचे, त्यावर गावच्या मंडळीचं नाव नाहीतर नुसती अक्षरं, बऱ्याचदा सालही, ते मुठीत धरून लोक पांढरं कापड घातलेल्या लांब मेजाशी यायचे आणि तिथे परत द्यायचे. तयारी मला आवडते, पण टोकन हातात आलं की ते कमावलेलं तिकीट वाटायला लागतं, ही भीती खरी आहे.

तुमच्यासाठी वेस्टमिन्स्टरच्याच मोठ्या प्रश्नोत्तरीतला (विश्वास शिकवणारं प्रश्न-उत्तरांचं पुस्तक) १७२ वा प्रश्न बघा, ज्याला स्वतःच्या विश्वासाबद्दल शंका आहे पण ख्रिस्त हवाय त्याने यावं, यायलाच हवं असं उत्तर आहे. आणि १७४ व्यात करार नवा करणं आणि सगळ्या पवित्र जनांवरचं, म्हणजे ख्रिस्ताच्या सगळ्या लोकांवरचं, प्रेम नवं करणं एकाच ओळीत आहे, तेव्हा भावाला आजच फोन लावा, आणि पुढच्या वेळी ताट आलं की भाकर घ्या.