मायक्रोवेव्हने गाठ कळते म्हणे, मग मॅमोग्राफी कशाला?

प्रश्न: माझं वय ४७. मॅमोग्राफीला छाती अशी काही दाबतात की डोळ्यातून पाणीच येतं, आणि एवढं सोसून रिपोर्टमध्ये काय, तर 'डेन्स ब्रेस्ट, सोनोग्राफी करावी'. भाची म्हणते आता मायक्रोवेव्हने तपासतात, दाबत नाहीत, एक्स-रे पण नाही. पण मायक्रोवेव्ह म्हणजे ओव्हनवालेच ना? भाजणार नाही ना? आणि ते येईपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर: ताई, भाजायची भीती आधी डोक्यातून काढा. लहरी ओव्हनच्याच जातीच्या, पण ओव्हन शेकड्यांनी वॅट ओततो आणि इथे काम मिलीवॅटमध्ये चालतं, म्हणजे तुमच्या मोबाइलपेक्षाही कमी.

यात पालथं झोपायचं, छाती टेबलातल्या वाडग्यासारख्या पोकळीत सोडायची, आत गोलाकार अँटेना बसवलेले असतात, एक अँटेना लहर सोडतो आणि बाकीचे ऐकतात, मग पुढचा सोडतो, असं करत कॉम्प्युटर आतलं चित्र जुळवतो. काही मशीनमध्ये ग्लिसरीन मिसळलेलं पाणी भरतात, नाहीतर बरीचशी लहर त्वचेवरूनच परत फिरते. सगळी गंमत पाण्याची आहे. चरबीत पाणी कमी, गाठीत भरपूर, त्यामुळे गाठीपाशी लहर अडखळते.

आता गोम ऐका. २००७ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या ऊतींची मोठी तपासणी छापून आली, त्यात लहरींवर परिणाम करणाऱ्या विद्युत गुणधर्मांत कॅन्सरची गाठ आणि चरबी यांच्यात १० पटींपर्यंत फरक दिसला, पण गाठ आणि दुधाच्या ग्रंथींची ऊती यांच्यात जेमतेम १० टक्के! आणि डेन्स ब्रेस्ट म्हणजे तरी काय, चरबी कमी आणि ग्रंथी जास्त. म्हणजे जिथे मॅमोग्राफी चाचपडते तिथेच हिचीही दमछाक होते, भाचीने हे सांगितलं नसेल. शिवाय चित्र धूसर येतं, मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण यात सापडत नाहीत. मला स्वतःला हिचा उपयोग केमो चालू असताना गाठ आटतेय का हे पुन्हा पुन्हा बघायला जास्त पटतो, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी तसं करून पाहिलंय.

तेव्हा थांबू बिंबू नका, सोनोग्राफी लगेच उरकून घ्या. हाताला गाठ लागली किंवा निपलमधून रक्त आलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि पाळी चालू असेल तर पुढची मॅमोग्राफी पाळी संपल्यावरच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा छाती कमी हुळहुळते, दाबलेलं जरा तरी सुसह्य होतं.