न्यूरोअ‍ॅनाटॉमीच्या उजळणीचं पुस्तक घेताना

अरे, लातूरला नीटच्या तयारीत जशी तू एकेका विषयाला तीन-तीन पुस्तकं जमवलीस, तसं आता मेडिकलला करू नकोस. मेंदू आणि मज्जारज्जूच्या रचनेच्या या विषयाच्या उजळणीला एकच घे. पण दुकानात उभ्या-उभ्या एक पान उघडून बघ: लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागाला (मेड्युलाला) एका बाजूला इजा झाल्यावरची लक्षणं. चेहऱ्याची वेदना आणि तापमानाची जाणीव त्याच बाजूची जाते, अंगाची विरुद्ध बाजूची. असं का, ते मेड्युलाच्या आडव्या छेदावर बोट ठेवून कळलं पाहिजे. आवाज घोगरा होतो तो घसा आणि स्वरयंत्राचे स्नायू चालवणाऱ्या न्यूक्लिअस अ‍ॅम्बिग्युअसमुळे, तेही त्याच चित्रात हवं. नुसती लक्षणांची यादी असेल तर पुस्तक परत ठेव.

झेरॉक्स मात्र घेऊ नकोस. छेदांची चित्रंच आधी काळी पडतात. मी त्या पायी ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आठवडाभर चुकीचं पाठ केलं होतं.

आणि विषय अजून समजलाच नसेल, तर आधी मोठं पुस्तक आणि डिसेक्शन हॉल. मग रोज रात्री एक पाथवे, म्हणजे मज्जातंतूंचा मार्ग, कोऱ्या कागदावर काढ. वेदना-तापमान नेणारा स्पायनोथॅलॅमिक मार्ग मज्जारज्जूतच बाजू ओलांडतो, बारीक स्पर्श आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव नेणारा डॉर्सल कॉलमचा मार्ग मेड्युलात. हे हातात बसलं की ब्राऊन-सेकार्ड सिंड्रोम (मज्जारज्जूची एकच बाजू कापली गेल्यावरची लक्षणं) पाठ करावं लागत नाही, काढता येतं.