घरी काय बघू, असं विचारलंस म्हणून

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. खोलीवर टीव्ही आला, दोन-तीन ॲपचे पैसे भरून झाले आणि आता ‘काका, बघण्यासारख्या मराठी सिनेमांची यादी द्या’ अशी फर्माईश. यादी देणार नाही. याद्या नेटवर पोत्याने मिळतात, आणि एखादी तुझ्या फोनमध्येही असणारच. मी समीक्षक नाही. फिल्म सोसायटीचं तोंडही कधी पाहिलं नाही. कामावरून आलं, जेवण उरकलं की सिनेमा लावणारा माणूस मी. पण त्यातून एक मत पक्कं झालंय, तेवढं सांगतो. घरी सिनेमा लावताना ‘चांगला कोणता’ हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, आज खोलीत कोण कोण आहे?

‘अशी ही बनवाबनवी’ घे. १९८८ चा सिनेमा, अर्ध्या महाराष्ट्राला पाठ. हा एकट्याने लावू नकोस. पाठ असलेल्या विनोदावर एकट्याला हसू येत नाही, नुसती मान डोलते. रूममेट जमले असतील, कुणी ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ म्हणालं आणि बाकीच्यांनी पुढचं वाक्य झेललं, तर मग बघायलाच नको. एक मात्र कर. इस्राईलच्या औषधाचे सत्तर रुपये ‘वारले’ तो प्रसंग आला की सगळे अशोक सराफांकडे बघतात. तू घरमालक झालेल्या सुधीर जोशींकडे बघ. समोरचा इतक्या सरळ चेहऱ्याने थापा मारतोय आणि ह्या माणसाला रागवायचं की सांत्वन करायचं हेच कळत नाही. खरा विनोद त्या गोंधळात आहे. आणि हे कथानक मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून आलंय. तोही सापडला तर बघ, पण मराठी अवतार उजवा आहे असं माझं मत, आणि ते बदलणार नाही.

याच्या बरोबर उलटा ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. व्हेनिसला बक्षिसं, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. इतकं ऐकून चारचौघांत लावलास तर अर्ध्या तासात कुणीतरी ‘पुढे ढकल रे’ म्हणणार. एकट्याने बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. आता कुणाकडे बघायचं, हे कुणी सांगत नाही. आपलं आपण शोधायचं. सरकारी वकील बाई कोर्टात कलमं घडाघडा वाचतात, लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात. त्यांच्यातलं आणि आपल्या एखाद्या मावशीतलं अंतर शून्य. मग ह्याच बाई सहकुटुंब नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतात आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. दिग्दर्शक त्यावर एक अक्षर बोलत नाही. कोर्टात दुसऱ्याच एका खटल्यातल्या बाईंची तारीख येते आणि त्यांच्या बिनबाह्यांच्या कपड्यांवरून न्यायाधीश काम पुढे ढकलतात. मिनिटभराचा प्रसंग, पण असा प्रसंग घरी मागे घेऊन पुन्हा बघता येतो. थिएटरात ती सोय नसते.

‘कोर्ट’पुरती एक सूचना. शेवटाकडे उन्हाळी सुट्टीआधीचं कामकाज संपतं, कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. सिनेमा संपला समजून रिमोट उचलू नकोस. पुढे आहे अजून, आणि जे आहे ते चुकवण्यासारखं नाही.

‘सैराट’चं काय, असं विचारशीलच. २०१६ साली लोक ‘झिंगाट’ला खुर्च्या सोडून नाचत होते. ती जत्रा घरी येत नाही, हट्ट करू नकोस. पण मध्यंतरानंतरचा, पळून गेलेल्या जोडप्याचा हैदराबादचा भाग मला घरीच जास्त लागला. पत्र्याची खोली, पैशांची ओढाताण, एकमेकांवरचा संशय, भांडणं. थिएटरात ‘गाणी कधी येणार’ म्हणून चुळबुळणाऱ्या लोकांत ह्याची माती होते. शेवटची काही मिनिटं आवाज जातो. तेव्हा टीव्ही बिघडला म्हणून रिमोट झटकू नकोस, नागराज मंजुळेने तो मुद्दाम काढून घेतलाय.

आजी चार दिवस राहायला येणार असं लिहिलंयस. मग ‘संत तुकाराम’. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल ह्या दिग्दर्शकांचा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा बघायला आजी बसेल. तू जिजाई बघ. गौरीबाईंनी ती जी उभी केली आहे, तशी बाई आजच्या सिनेमातही सहज सापडत नाही. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवरा अभंगांत. तिचा जीव नवऱ्यावरही आहे आणि त्या काळ्या विठोबावर तिचा रागही खरा आहे. ‘आधी बीज एकले’ लागलं की आजी म्हणेल, तुकोबांचा अभंग. तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. अभ्यासकही फसले होते, तेव्हा आजीला लगेच दुरुस्त करायला जाऊ नकोस, गाणं संपू दे.

वडील गावाहून आले तर राजकारणावरचा ‘सिंहासन’, १९७९ चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. पात्रं इतकी की पहिल्या वीस मिनिटांत कोण कुणाच्या गटाचा हे लागत नाही. इथे वडील कामाला येतात. कुठला मंत्री कुणावर बेतला असेल, ह्यावर त्यांची स्वतःची मतं असतील आणि ती सिनेमाइतकीच ऐकण्यासारखी असतील. अधूनमधून थांबवायला लागला तरी थांबव.

बाकीचं भराभर. ‘किल्ला’ पावसाळ्यात. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ घरात लहान मूल असताना, कारण पहिला भारतीय सिनेमा काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचा वेडेपणा मुलांना आपल्याआधी समजतो. ‘श्वास’ हा आजारी नातवाचा आणि आजोबांचा सिनेमा, तो घरात कुणी आजारी असताना नको.

आता टीव्हीचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच तयार करून भरतात. क्रिकेटला ते बरं, पण सिनेमा त्यामुळे सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद कर. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेव. ‘व्हिव्हिड’ दुकानातल्या उजेडात गिऱ्हाईक पकडायला असतो. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते बरोबर आहे. ‘फुल स्क्रीन’च्या हट्टाने ताणलास तर पागनीसांचे तुकोबा खाऊन-पिऊन सुखी दिसतील. संवाद ऐकू येत नाहीत आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं, ह्याला तुझे कान जबाबदार नाहीत. थिएटरच्या अनेक स्पीकरांसाठी जुळवलेला आवाज टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांतून बाहेर पडतो, आणि तेही बहुतेक वेळा खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून. संवाद उठून दिसतील असा एखादा पर्याय साउंडमध्ये असतो, तो लाव. रात्री शेजारी झोपलेले असतील तर हेडफोन. आणि सबटायटल मराठी सिनेमालाही लावायला लाजू नकोस. मालवणी किंवा करमाळ्याकडची बोली पहिल्या फटक्यात कानात बसत नाही.

सिनेमे ह्या ॲपवरून त्या ॲपवर उड्या मारत असतात, तेव्हा ‘वॉचलिस्ट’वर विसंबू नकोस. दिसला की बघून टाक. झोप आली तर बंद करून दुसऱ्या दिवशी तिथून पुढे बघ. पण दीडपट वेगाने बघणार असशील तर मला सांगू नकोस, माझं रक्त आटतं.

ह्या रविवारी एकटं असशील तर ‘सामना’ने सुरुवात कर. साखरसम्राट निळू फुले आणि कुठून तरी आलेला, दारूत बुडालेला मास्तर, डॉ. लागू. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ दोघंच समोरासमोर असतात त्या जागा नीट बघ, कोण कुणाला खेळवतंय ते दर वेळी बदलतं. माझ्याकडची प्रत फार खराब आहे, निम्मं अंधारात बघावं लागतं. तुला स्वच्छ प्रिंट सापडली तर लिंक लगेच पाठव.

तुझा,
काका