एका टायमाला एकच

पोरा,

परवा तू माझ्यापुढं ती पिशवी उपडी केलीस ना, तेव्हाच बोलणार होतो, पण तुझी आई शेजारी बसली होती म्हणून गप्प बसलो. ७ वस्तू मोजल्या मी. कडुनिंबाची पावडर, करंजाचं तेल, कोरफडीची जेल, कसलातरी काढा, डॉक्टरांनी दिलेलं मलम ज्याचं सील पण फोडलेलं नाही, आणि दोन चिनी ट्यूबा, त्यावर आपल्याला वाचता येईल असं एक अक्षर नाही. सगळं एकाच आठवड्यात चालू केलंस आणि वर मला विचारतोस, काका, सोरायसिसच्या कोपरावरच्या खपल्या कमी झाल्या पण मानेला आग होतेय, कशानं? आता कशानं ते मी काय सांगू? तुलाही कळणार नाही, डॉक्टरलाही कळणार नाही. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची असते रे.

हे मला रंगखात्यानं शिकवलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात डाईंगमध्ये गेली. शेड जुळली नाही की नवीन पोरं मीठ पण वाढवायची, सोडा पण वाढवायची, टेंपरेचर ६० च्या वर न्यायची, आणि शेड कधी आलीच तर उद्याच्या लॉटला ती परत आणता यायची नाही कारण कशानं आली तेच ठाऊक नसायचं. मी ओरडायचो, बीकरमध्ये छोटा तुकडा घ्या, एकच बदला, धुवा, वाळवा, दारात उजेडाला धरून बघा, वहीत लिहा, मग दुसरं. दिवसभर हे ओरडायचं आणि घरी येऊन स्वतःच्या अंगावर पाच प्रयोग एकदम करायचे, असं मी केलंय.

बत्तिसाव्या वर्षी हाच सोरायसिस, लाल चट्टे आणि खपल्यांचा कातडीचा आजार, मलाही निघाला. एकानं चिनी जडीबुटी म्हणून पुड्या दिल्या, दहा दिवसांत अंग लहान लेकरासारखं झालं. त्याच वेळी मी डॉक्टरचं मलम बंद केलं, वांगं सोडलं, वर एक काढा पण चालू केला. पैसे संपले तशा पुड्या थांबल्या आणि पंधरा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो, सालं निघायला लागली, सोलापूरच्या मे महिन्यात चादर पांघरून कुडकुडत होतो. ॲडमिट व्हावं लागलं. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टिरॉइड असणार, म्हणजे लाली-सूज झटक्यात दाबणारं जोरदार औषध, एकदम थांबवलं की असं उलटतं. असणार म्हणाले, कारण नक्की कसं सांगणार, मी इतकं काय काय घेत होतो. लंडनमध्ये १९९९ साली ११ चिनी हर्बल क्रीम तपासली होती, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं, ते स्टिरॉइडच. म्हणून तुझ्या त्या ट्यूबा घेऊन आधी स्किनवाल्या डॉक्टरकडं जा, किती दिवस कुठं लावल्यास ते लाजू नको, सांग. स्वतःच्या मनानं चालू केलंस तसं मनानं बंद पण करू नको.

मी चिनी औषधाच्या विरोधात नाही, तसं समजू नको. ते लोक जीभ बघतात, नाडी बघतात, रक्तात उष्णता वाढली, रक्त कोरडं पडलं असं म्हणतात, आपल्या आजीच्या बोलण्यासारखंच वाटतं ते मला. त्यांचं छिंग दाय म्हणून एक औषध आहे, म्हणजे आपली नीळच, पाल्यापासून काढलेली. तैवानमध्ये २००८ साली ४२ पेशंटवर बघितलं, त्याच माणसाच्या एका बाजूच्या चट्ट्याला निळीचं मलम आणि दुसऱ्या बाजूच्या तसल्याच चट्ट्याला नीळ न घातलेलं नुसतं मलम, १२ आठवडे. निळीची बाजू चांगलीच उजळली. बघ, त्यांनी पण एकच बदललं, आणि ते पण एकाच अंगावर! मी आमच्या डॉक्टरांना सांगून नीळ लावतो, डाव्या कोपराला, कपडे निळे होतात, मुलगा चिडतो, चिडू दे. तीन महिने उजव्या कोपराला नुसतं व्हॅसलीन लावून फरक बघितलाय मी, तारखेसकट वहीत आहे, त्यामुळं मला कुणी खुळा म्हटलं तरी मी ऐकणार नाही. फक्त पोटात घ्यायची नाही ती. जपानमध्ये आतड्याच्या आजाराला लोक ती खात होते, काहींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढलं, २०१६ मध्ये तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला.

आणि तू म्हणालास, आपण कोटणीसांच्या गावचे, चिनी औषधावर आपला विश्वास नको का? भैय्या चौकातल्या स्मारकात मीही कितीदा जाऊन आलोय, मान ताठ होते तिथं. पण डॉक्टर कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकलला शिकलेले, १९३८ ला चीनला गेले ते जखमी सैनिकांची ऑपरेशनं करायला, १९४२ ला तिथंच वारले. त्यांच्या नावावर नाव नसलेली ट्यूब अंगाला लावू नको, मला राग येतो.

घरचं करायचं तर कर की. कढत पाण्याची आंघोळ बंद कर, बोअरच्या जड पाण्यानं कातडी अजून ओढते, शेवटचे दोन तांबे नळाचं साठवलेलं पाणी घे. आपला जाड टॉवेल आयुष्यभर रंगवला मी पण अंगाला घासू नको, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपून घे आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लाव. खपली नखानं काढू नको, जिथं जखम होते तिथं नवा चट्टा उठतो. हे सुद्धा एकेक, दोन-दोन आठवड्यांनी.

अजून एक, आणि हे मी तुला दरडावून सांगतोय. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? सोरायसिस सांध्यात पण जातो. मला वाटलं मशिनवरच्या कामानं दुखतंय, तीन वर्षं काढली तशीच, माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आता वळत नाही, भाकरीचा तुकडा मोडताना तू बघितलंस ना परवा. आखडत असतील तर तेही डॉक्टरला सांग, माझ्या वहीची वाट बघू नको.

रविवारी ये. आमच्याकडं पाणी त्या दिवशी येतंय, भरायची गडबड असते, दहानंतर ये. डॉक्टर ट्यूबांबद्दल काय म्हणाले ते लिहून आण, एक दोनशे पानी वही आण, आणि ते सील न फोडलेलं मलम आण. सुरुवात त्यानंच करायची, बाकीची पिशवी आईकडं दे.

तुझा काका