वाचकांचे प्रश्न : निकालानंतरच्या बैठकीत विश्लेषक नेमके काय विचारतात?

प्रश्न : अमेरिकी चिप कंपन्या तिमाही निकालानंतर विश्लेषकांशी फोनवरून जी बैठक घेतात, तिचे लिखित वृत्तान्त मी नियमित वाचतो. विक्री आणि नफा दोन्ही वाढलेले असतात, तरीही विश्लेषक वितरकांकडे किती माल शिल्लक आहे, हेच पुन्हा पुन्हा विचारत राहतात. या प्रश्नाला एवढे महत्त्व का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चिप कंपनीच्या हिशेबात विक्रीची नोंद साधारणपणे होते ती कंपनीने माल चिप बसवून संगणकाची कार्डे बनवणाऱ्या उत्पादकाच्या किंवा वितरकाच्या ताब्यात दिला की. शेवटच्या ग्राहकाने तो दुकानातून घरी नेईपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. मधल्या काळात खरी मागणी ओसरली, तरी वितरक माल उचलत आहेत तोवर कंपनीचे आकडे चांगलेच दिसतात. आणि ज्या दिवशी वितरक नवी मागणी नोंदवणे थांबवतात, त्या दिवशी हे आकडे एकदम कोसळतात. म्हणून वितरकांकडील साठ्याचा प्रश्न हा वस्तुतः पुढच्या दोन तिमाह्यांच्या विक्रीविषयीचा प्रश्न असतो.

एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीचे २०१७ आणि २०१८ मधील उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. क्रिप्टो चलनांचे भाव चढत गेले, तेव्हा संगणकीय खेळ खेळणाऱ्यांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग, म्हणजे संगणकाकडून गणिते सोडवून नवी नाणी मिळवण्याचे काम, करणारेही मोठ्या प्रमाणावर खरेदी करू लागले. दुकानातून कार्ड कोणी नेले हे कार्डावर लिहिलेले नसते. त्यामुळे या विक्रीचा मोठा भाग कंपनीच्या अहवालात ‘गेमिंग’ या विभागातच जमा होत गेला. विश्लेषक विचारत होते की या वाढीत खेळणारे किती आणि मायनिंग करणारे किती. पण त्यांच्या हाती स्पष्ट आकडा येत होता तो केवळ मायनिंगसाठी वेगळ्या बनवलेल्या उत्पादनांचा. ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल जाहीर झालेल्या तिमाहीत त्या उत्पादनांची विक्री अपेक्षित १० कोटी डॉलरऐवजी १ कोटी ८० लाख डॉलरच झाली आणि यापुढे या विक्रीतून काहीही गृहीत धरलेले नाही, असे कंपनीने सांगितले. वरवर पाहता विषय तिथेच मिटला होता.

तो मिटला नव्हता, हे नोव्हेंबरमध्ये दिसले. मायनिंगची मागणी आटली होती, कार्डांच्या किमती लोकांनी खरेदीला यावे इतक्या लवकर उतरल्या नव्हत्या आणि मध्यम किमतीच्या कार्डांचा साठा वितरणसाखळीत तुंबला होता. विश्लेषकांना पुढच्या तिमाहीत सुमारे ३४० कोटी डॉलरच्या विक्रीची अपेक्षा असताना कंपनीने २७० कोटींचा अंदाज दिला. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास १९ टक्क्यांनी घसरला आणि जानेवारी २०१९ मध्ये तो अंदाजही २२० कोटींवर आणावा लागला. पुढे मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार-नियामकाने, म्हणजे एसईसीने, गेमिंगच्या वाढीतील मायनिंगचा महत्त्वाचा वाटा गुंतवणूकदारांना पुरेसा उघड केला नाही, असा ठपका ठेवला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता ५५ लाख डॉलरचा दंड भरला. ज्या प्रश्नाला विश्लेषक कंटाळा येईपर्यंत चिकटून होते तोच प्रश्न योग्य होता, हे या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

वृत्तान्त वाचताना आपणही एक गोष्ट तपासावी. ‘वितरकांकडे किती आठवड्यांचा माल आहे?’ या प्रश्नाला आठवड्यांत उत्तर आले, तर ते पुढच्या तिमाहीत पडताळता येते. ‘साठा निरोगी पातळीवर आहे’ असे उत्तर आले, तर त्यात पडताळण्यासारखे काहीच नाही, आणि अशा वेळी पुढच्या विश्लेषकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ती पुनरुक्ती मानू नये. कंपनीच्या स्वतःच्या गोदामातील साठा मात्र आपल्याला घरबसल्या मोजता येतो : ताळेबंदातील मालसाठ्याला त्या तिमाहीच्या उत्पादनखर्चाने भागून ९० ने गुणले, की किती दिवसांचा माल पडून आहे ते कळते.

याच साठ्याची आणखी एक बाजू आहे. न विकलेल्या मालाची किंमत पुस्तकात कमी केली की त्या तिमाहीला तोटा सोसावा लागतो; पण तोच माल नंतर विकला गेला, तर त्यावर खर्च जवळजवळ दिसत नाही आणि ढोबळ नफ्याचे, म्हणजे विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचे, विक्रीशी प्रमाण फुगते. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने २०२३ च्या आरंभी संपलेल्या तिमाहीत साठ्याची किंमत १४३ कोटी डॉलरने कमी केली होती. पुढील तिमाह्यांत आधीच किंमत उतरवलेला माल विकल्याचा फायदा नफ्यात दिसू लागला आणि कंपनीने तो वेगळा दाखवलाही. तो वजा केल्यावर नफ्याचे प्रमाण किती उरते, हा अशा वेळचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

प्रश्न : एटी अँड टी या फोन कंपनीचे ग्राहक भरपूर वाढले असतानाही २०२२ मध्ये निकालाच्या दिवशी तिचा शेअर पडला, असे वाचले. हे कसे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण म्हणता तो दिवस २१ जुलै २०२२ चा. त्या तिमाहीत कंपनीने ८ लाख १३ हजार पोस्टपेड फोन ग्राहकांची निव्वळ भर घातली होती. परंतु वर्षभरातील मोकळ्या रोकडीचा, म्हणजे व्यवसायातून आलेल्या पैशातून भांडवली खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचा, अंदाज तिने १,६०० कोटी डॉलरवरून १,४०० कोटींवर आणला. शेअर एका दिवसात सात टक्क्यांहून अधिक घसरला.

त्यामागचे एक प्रमुख कारण असे, की ग्राहक बिले भरत होते पण उशिरा भरत होते; आदल्या वर्षीच्या तुलनेत वसुली सुमारे दोन दिवसांनी लांबली होती. दोन दिवस ऐकायला क्षुल्लक वाटतात. परंतु वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून अधिक विक्री असलेल्या कंपनीची वसुली दोन दिवस लांबते, तेव्हा कोट्यवधी डॉलर नफ्यात दिसतात आणि बँकेत मात्र नसतात. नवे ग्राहक मिळवण्यासाठी हँडसेटवर दिलेल्या सवलतींचा भारही रोकडीवरच पडतो. शिवाय कंपनीला त्या वर्षी सुमारे २,४०० कोटी डॉलरची भांडवली गुंतवणूक करायची होती, लाभांश द्यायचा होता आणि कर्जही उतरवायचे होते. फोन कंपनीला नवा ग्राहक आधी खर्च देतो आणि पैसा नंतर, हे ध्यानात घेतले तर विश्लेषक ग्राहकसंख्येचे अभिनंदन आटोपून लगेच वसुलीकडे का वळतात ते कळते. (अभिनंदनही वगळले तर बरे; त्यात प्रश्नाचा वेळ जातो.)

भारतात नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाइल ग्राहक प्रीपेड असल्यामुळे वसुलीचा प्रश्न या स्वरूपात येत नाही. आपल्याकडे तीच जागा प्रतिग्राहक सरासरी उत्पन्न, फाइव्ह-जीवरील खर्च आणि कंपन्यांनी सरकारला देणे असलेली थकबाकी या प्रश्नांनी घेतली आहे.

प्रश्न : अधिकारी बैठकीत सावधपणे बोलतात. मोठे विश्लेषक त्यांना नंतर स्वतंत्र फोन करून खरे उत्तर मिळवत असतील ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : महत्त्वाची अप्रकाशित माहिती अशा रीतीने निवडक विश्लेषकांना देणे अमेरिकेत २००० सालापासून नियमबाह्य आहे, आणि ते घडल्याचे आरोपही झाले आहेत. एसईसीच्या म्हणण्यानुसार २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये एटी अँड टीच्या गुंतवणूकदार-संपर्क विभागातील तिघांनी सुमारे वीस संस्थांच्या विश्लेषकांना फोन करून, स्मार्टफोनची विक्री अपेक्षेपेक्षा अधिक घटल्याची माहिती दिली. हेतू असा, की विश्लेषकांनी आपले अंदाज खाली आणावेत आणि कंपनीचा निकाल त्या अंदाजांपेक्षा कमी पडल्याचे दिसू नये. २०२१ मध्ये खटला दाखल झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ६२ लाख ५० हजार डॉलर भरून तो मिटवला; या नियमाखालील तोवरचा तो सर्वांत मोठा दंड होता. ज्या सामान्य भागधारकाला असा फोन येत नाही, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे, आणि म्हणूनच अवघड प्रश्न सर्वांना ऐकू येईल अशा ठिकाणीच विचारला गेला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार कंपनीला अशा बैठकीचे ध्वनिमुद्रण पुढच्या व्यवहाराच्या दिवसापूर्वी किंवा चोवीस तासांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, आणि लिखित वृत्तान्त पाच कामकाजी दिवसांत जाहीर करावा लागतो. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये ते विनामूल्य मिळतात. वृत्तान्तात प्रश्नोत्तरांचा भाग निवेदनांनंतर येतो. वेळ थोडा असेल तर तिथूनच वाचायला सुरुवात करावी.