भूसुरुंगात पाय गमावलेल्या माणसाशी घरच्यांनी कसं वागावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकट्या दिराचा पाय पूंछला गस्तीवर सुरुंगात गेला. सात महिने झाले, नवा पाय बसवला, तरी तो घराबाहेर पडत नाही. सासूबाई त्याला तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत आणि परवा मित्र आले तर त्याने आतून कडी लावून घेतली. (मला तो पोरासारखाच, म्हणून अरेतुरे करतोय.)

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीचा. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवर मैलोनमैल सुरुंग पेरले, मग ते काढायची वेळ आली. राजस्थानात तेच काम करताना माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मी डॉक्टर नाही, भोगलेलं तेवढं सांगतो.

ट्रकखाली पाय गेलेला माणूस ट्रकला घाबरतो. आम्ही जमिनीला घाबरतो. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून, आम्ही एएलसी म्हणतो, पाय लावून मी गावी आलो. अंगणातल्या फरशीवर झोकात चालायचो, फरशी संपून माती लागली की थांबायचो. आईला वाटायचं टोचतंय. टोचत काही नव्हतं, उरलेला पाय मातीवर टेकवायची छाती होत नव्हती. एकदा विहिरीवर जायचं होतं तर सहा वर्षांच्या पुतण्याला पुढे चालायला लावलं आणि त्याच्या पावलात पाऊल टाकत गेलो, सुरुंगपट्ट्यात जातात तसा. निम्म्या वाटेत लक्षात आलं की आपण पोराला पुढे घातलंय. तिथेच बांधावर बसलो. कितीतरी महिने हे कुणाला सांगितलं नाही.

म्हणून पहिलं काम, घराबाहेर पडत नाही याला आळस किंवा रुसवा समजू नका. फरशीवरून सुरुवात करू दे, मग डांबरी रस्ता, शेत सगळ्यात शेवटी.

दुसरं म्हणजे ‘कसा काय दिसला नाही रे?’ हे घरात कुणीही विचारायचं नाही. तो स्वतःला रोज तेच विचारत असणार. पूंछच्या उतारांवर पावसाने, बर्फाने सुरुंग जागचे सरकतात. एम-14 जातीचा सुरुंग तर तळहातात मावेल एवढा, जवळजवळ सगळा प्लॅस्टिकचा. नकाशात एकीकडे आणि मातीत दुसरीकडे. त्याची चूक नव्हती, हे त्याला माहीत असलं तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंसं वाटतं.

रात्री तो नसलेल्या पायाकडे हात नेत असेल तर घाबरू नका. मला गेलेला अंगठा खाजायचा, आणि वेड लागलं म्हणतील म्हणून मी गप्प बसायचो. हे मेंदूचं काम आहे, बहुतेकांना होतं. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो हलवायचा, ही युक्ती डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी काढली. सगळ्यांना लागू पडत नाही, मला पडली. फिजिओथेरपिस्टला विचारा.

पण मला उठवलं ते एएलसीत शेजारच्या खाटेवरच्या गढवाली हवालदाराने. धीरबीर काही दिला नाही. स्वतःची पँट वर करून म्हणाला, ‘मोजे कितने डाले?’ स्टम्प, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, दिवसभरात आकसतो, पाय ढिला पडतो, मग दुपारी एक मोजा वाढवायचा, हे मला त्याने शिकवलं. काबूलमध्ये रेडक्रॉसच्या कृत्रिम पाय बसवणाऱ्या केंद्रात अल्बर्टो कैरो यांनी कामाला माणसं घेतली तीच मुळी पाय गेलेली, ती याच कारणासाठी असणार. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आसपास असा जुना माणूस सापडेल. त्याला घरी चहाला बोलवा आणि तुम्ही सगळे उठून जा.

होकाटो सेमाचा व्हिडिओ मात्र त्याला इतक्यात पाठवू नका. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 2024 साली गोळाफेकीत कांस्य मिळवलं, मोठीच गोष्ट. पण त्याचा पाय 2002 मध्ये सुरुंगात गेला आणि गोळा हातात घेतला 2016 मध्ये. सात महिन्यांत तुमच्या दिराने काय करून दाखवायचं?

पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांग कार्ड हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मार्गी लावा. पुढे हाताला काम हवं म्हणाला तर जखमी जवानांना धंदा शिकवणारी क्वीन मेरीज संस्था खडकीत आहे, 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली. आमच्यामागे निदान फौज असते. त्याच सुरुंगात पाय गेलेला सीमेवरचा शेतकरी कुठे जातो, विचारू नका.

दारू वाढली, सामान वाटून टाकायला लागला, ‘मीपण तिथेच संपायला हवं होतं’ म्हणाला, तर वाट बघायची नाही. मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच 14416 लावा, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात.

सासूबाईंना मात्र तुम्हालाच सांगावं लागेल, आणि त्या ऐकणार नाहीत. माझ्या आईनेही ऐकलं नव्हतं. तिची कंबर धरली तेव्हा दळण आणायला मला जावं लागलं, डोक्यावर डबा आणि मधे तीस पावलं कच्ची वाट. दोनदा पडलो, पीठ सांडलं. आज ती गिरणी मी चालवतो. सध्या एवढंच करा, स्टम्पचे मोजे रोज धुवावे लागतात, ते त्याचे त्यालाच धुऊ द्या. आणि तांब्या त्याच्या खाटेपासून चार पावलं लांब ठेवा.