राखाडीला मळकट म्हणू नकोस

बाळा,

काल फोनवर म्हणालीस, "ताई, इथं चार महिने नुसतं मळकट आभाळ. युरोपातलं ऊन पाहिल्याशिवाय माझा रंग उघडायचा नाही." फोन ठेवला आणि माझी झोपच उडाली. जा की, कोण अडवतंय? पण राखाडीला मळकट म्हणू नकोस.

ॲन रेडपाथ ही चित्रकार बघ. 1895 साली स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्सला जन्मली, हॉइकला वाढली. वडील ट्वीड कापडाचे डिझायनर. करड्या विणीत लाल-पिवळा धागा कुठे डोकावू द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. आपल्या राखाडीतला लाल ठिपका वडिलांच्या कापडातलाच, हे ती पुढे स्वतः सांगायची. चित्रकला शिकायला मिळाली ती शिक्षिकेचंही प्रशिक्षण घेण्याच्या अटीवर. (तुझ्या बाबांचं बी.एड. आठवलं ना? चालायचंच.)

लग्नानंतर ती फ्रान्सला गेली. शेवटी शेवटी तर राहायलाच भूमध्य समुद्राकाठी! पण तीन मुलगे, घरदार. चित्रं फारशी झाली नाहीत, घरातलं फर्निचर मात्र रंगवलं. 1934 ला त्याच ढगाळ हॉइकला परतली आणि तिथं हात सुटला. स्पेन, कॉर्सिका ही निसर्गचित्रं पन्नाशी उलटल्यावरची. डोंगरउतारावर दाटीनं बसलेली घरं, आणि ऊन असूनही राखाडी जागची हललेली नाही. म्हणून तर तो लाल पेटतो.

मी ऐन तिशीत दहा दिवस इटलीत होते. चौदा जलरंग केले, सगळे कॅलेंडरछाप. निळा थेट ट्यूबमधून. राखाडी कालवायचा मला कंटाळा होता, पुण्याच्या ढगासमोर मी कधी तासभर बसलेच नव्हते. पुन्हा गेले नाही ते हे कळलं म्हणून, पैशांमुळे नाही. बरं, थोडं पैशांमुळेही.

तर राखाडी. ट्यूबमधली नको. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी, दोन्ही ओल्या कागदावरच एकमेकांत सोड, ब्रशनं घोटू नकोस. निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतील, तपकिरी कडेला सरकेल. वाळेपर्यंत हात मागे! तुला हेच जमत नाही. मलाही जमायचं नाही.

रविवारी ये. तो पावसातल्या गच्चीचा कागद फाडून टाकलास म्हणालीस ना, त्याचे तुकडे घेऊन ये.

तुझी,
ताई